चौथ्या चकतीतील खोल खळगे : भुसावळच्या घरगुती कार्यशाळेतील एका नियंत्रण-दोषाचा शोध

भुसावळमधील एका घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर लहानशी कार्यशाळा चालवतात. तेथे एक जुना लेथ, एक बेंच ड्रिल आणि टेबलावर बसणारे एक लहान मिलिंग यंत्र आहे. मिलिंग यंत्राच्या तिन्ही अक्षांना त्यांनी तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या भाच्याच्या मदतीने स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक लहान पावलांनी फिरणाऱ्या मोटर, बसवून घेतल्या आणि नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो या लहान नियंत्रक-पट्टीवर चालणारी जीआरबीएल ही मुक्त संगणक-प्रणाली निवडली. शेतीच्या अवजारांचे मोडलेले भाग बनवून देणे हा त्यांचा मुख्य उद्योग असून, गेली काही वर्षे यावल, बोदवड आणि जामनेर तालुक्यांतील शेतकरी त्यांच्याकडून पेरणी यंत्राच्या नायलॉनच्या चकत्या करून घेतात. या चकत्यांच्या एका कामात जो दोष आला, तो कसा ओळखला गेला आणि कसा दूर झाला, याची ही नोंद आहे. शोधाच्या अखेरच्या टप्प्यात मी स्वतः तेथे होतो. त्याआधीचा भाग मामा-भाच्यांनी ठेवलेल्या वहीवरून लिहिला आहे.

काम आणि तक्रार

दादर ही खानदेशातील रब्बी ज्वारी. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या शेवटी उरलेल्या ओलीवर ती येते, त्यामुळे पेरणीचे दिवस मोजके असतात आणि बी विरळ किंवा दाट पडले, तर दुरुस्तीला वाव राहत नाही. बोदवडच्या एका शेतकऱ्याने आपल्या चार ओळींच्या ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्रासाठी चार चकत्या मागवल्या होत्या. प्रत्येक चकती १० मिमी जाड नायलॉनची, तिच्या तोंडावर एका वर्तुळात २४ खळगे, प्रत्येक खळगा ६ मिमी व्यासाचा आणि ४ मिमी खोल, सपाट तळाचा. एका खळग्यात एकच दाणा बसावा, एवढाच या मापाचा हेतू. खळगा उथळ झाला तर दाणा ब्रशखाली निसटतो आणि खोल झाला तर त्यावर दुसरा दाणा येऊन बसतो.

चारही चकत्या एकाच नायलॉनच्या तुकड्यावर, एकाच बैठकीत आणि एकाच प्रोग्रॅमने केल्या गेल्या. शेतकऱ्याने शहाणपणाने यंत्र शेतात नेण्याआधी ताडपत्री अंथरली, चाक हाताने फिरवून चाचणी घेतली आणि पडलेले दाणे मोजले. पहिल्या पेटीतून एकेक दाणा पडत होता. दुसऱ्या पेटीत क्वचित जोडी दिसत होती. चौथ्या पेटीतून मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी दोन दाणे पडत होते. त्याने चकत्या परत आणल्या.

व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या पट्टीने मापे घेतली, तेव्हा चित्र स्वच्छ दिसले. पहिल्या चकतीचा पहिला खळगा ४.०२ मिमी, तिचाच शेवटचा ४.४४, दुसऱ्या चकतीचा शेवटचा ४.९०, तिसरीचा ५.३४ आणि चौथीचा ५.८० मिमी. खळग्यांच्या जागा आणि व्यास मात्र अगदी बरोबर होते. म्हणजे आडव्या एक्स आणि वाय अक्षांत काहीही बिघडले नव्हते; उभा झेड अक्ष प्रत्येक खळग्याबरोबर थोडा थोडा खाली सरकत गेला होता आणि संगणकाच्या पडद्यावर झेडचा आकडा शेवटपर्यंत निर्दोष दिसत होता.

पडद्याच्या आकड्याबद्दल येथेच सांगितले पाहिजे. स्टेपर मोटरवर चालणारे हे यंत्र उघड्या साखळीचे आहे, म्हणजे हेड, अर्थात हत्यार धरणारा वर-खाली सरकणारा भाग, प्रत्यक्षात कोठे आहे हे प्रणालीला कळवणारे मापक त्यावर नाही. प्रणालीने मोटरला किती स्पंदे, म्हणजे पाऊल टाकायला सांगणारे विजेचे क्षणिक संकेत, पाठवली, त्याचा हिशेब पडद्यावर दिसतो. मोटरने ती पाळली की नाही, हे त्या हिशेबात येत नाही. घरगुती कार्यशाळेतील बहुतेक यंत्रे अशीच असतात आणि योग्य जुळणी असेल तर त्यात काहीच कमी पडत नाही. मात्र दोष शोधताना पडद्यावरचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही. कामाच्या शेवटी पडद्यावर झेड शून्य आणून पाहिले, तेव्हा हत्याराचे टोक मूळ पृष्ठभागाच्या सुमारे १.८ मिमी खाली होते.

ही प्रणाली का निवडली

निवडीची पार्श्वभूमी थोडक्यात देतो, कारण पुढे ती उपयोगी पडते. जीआरबीएलचे काम २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी सुरू केले. ती ज्या एटीमेगा ३२८पी चिपवर चालते, तिची गती १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमसाठी जागा ३२ किलोबाइट आणि स्मृती केवळ २ किलोबाइट. एवढ्या जागेत ती तीन अक्षांची हालचाल एकत्र चालवते, पुढच्या ओळी आधीच वाचून वेग ठरवते, वर्तुळाकार कंस काढते आणि सेकंदाला ३० हजारांपर्यंत स्पंदे देते. या छोट्या जागेची किंमतही आहे. जी ८१, जी ८३ यांसारखी छिद्रे पाडण्याची तयार चक्रे तिच्यात नाहीत, हत्याराच्या त्रिज्येची भरपाई नाही आणि स्पिंडलशी, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, ताळमेळ नसल्यामुळे लेथवर आटे पाडता येत नाहीत.

चकत्यांच्या कामाला यांतील कशाचीही गरज नव्हती. जुना संगणक, त्यावरचा प्रोग्रॅमच्या ओळी यंत्राकडे पाठवणारा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर आणि यूएसबीची तार, एवढ्यात काम होते. मामांनी ही प्रणाली घेण्याचे आणखी एक कारण सांगितले, ते मला फार मोलाचे वाटते. तिच्या साऱ्या जुळण्या डॉलरच्या खुणेने सुरू होणाऱ्या आकड्यांत असतात, एका कागदावर लिहून पॅनेलच्या दारात चिकटवता येतात आणि तिचे मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही उघडून वाचता येते. पुढे दोष सापडला, तो मूळ लेखन वाचता आल्यामुळेच.

तयार चक्र नसल्याने भाच्याने प्रत्येक खळग्यासाठी हालचाली सुट्या लिहिल्या होत्या. हत्यार खाली जाऊन थोडे कापते, किस बाहेर यावा म्हणून सरळ वर येते, पुन्हा खाली जाते. अशा तीन टप्प्यांत ४ मिमी खोली गाठली जाते आणि मग हत्यार वरच्या सुरक्षित उंचीवरून पुढच्या खळग्यावर सरकते. चार चकत्यांचे ९६ खळगे, प्रत्येकी तीन टप्पे, म्हणजे झेड अक्षाचे २८८ वेळा खाली-वर.

आधीचे संशय

उभा अक्ष खाली घसरतो म्हटल्यावर पहिला संशय हेडच्या वजनावर जाणे स्वाभाविक होते. मोटर वर उचलताना दमते, काही स्पंदे सोडते आणि हेड दर वेळी थोडे खाली राहते, असा तर्क होता. त्यासाठी हेडला कप्पीवरून प्रतिभार लावला. मग झेडचा कमाल वेग, म्हणजे $११२ ही जुळणी, मिनिटाला १२०० मिमीवरून ४०० वर आणली आणि प्रवेग ठरवणारी $१२२ ही ५० वरून १५ केली. वाटेतील घर्षण कमी व्हावे म्हणून सरकत्या भागाची ढिलाई ठरवणाऱ्या गिबच्या पट्ट्या पुन्हा जुळवल्या. प्रत्येक बदलानंतर नायलॉनच्या तुकड्यावर पूर्ण काम पुन्हा केले गेले. घसरण प्रत्येक वेळी सुमारे १.८ मिमीच राहिली.

दुसरा संशय उष्णतेवर होता. भुसावळच्या पत्र्याखाली दुपारी किती तापते, हे तेथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु हिशेब केला तर हा संशय टिकत नाही. पोलादाचा स्क्रू एका मीटरमागे दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतो. झेडचा ३०० मिमी लांबीचा स्क्रू १० अंशांनी तापला, तरी वाढ ०.०४ मिमीच्या आत राहते. नायलॉन त्याहून कितीतरी अधिक प्रसरण पावते, तरी १० मिमी जाडीत तेवढ्याच तापमानवाढीने सुमारे ०.०१ मिमीचाच फरक पडतो. येथे प्रश्न १.८ मिमीचा होता.

तिसरा संशय स्क्रूच्या ढिलाईवर, म्हणजे बॅकलॅशवर घेतला गेला. ढिलाईने दिशा बदलताना माप चुकते हे खरे. पण ती चूक दर वेळी तेवढीच असते, साठत जात नाही. पहिल्या खळग्यात जेवढी ढिलाई असेल, तेवढीच शहाण्णवाव्या खळग्यात असणार.

या टप्प्यावर भाच्याने मला फोन केला. "सर, मामा म्हणतात मोटर मोठी घ्यावी लागेल. पण वेग निम्म्याहून कमी केला तरी आकडा हलत नाही, हे मला पटत नाही." त्याचे हे न पटणे अगदी योग्य होते आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तेच आहे. वजन, वेग, प्रवेग, घर्षण हे सारे बदलूनही जी चूक बदलत नाही, तिचे मूळ या गोष्टींत नसते. ती चूक कशाच्या प्रमाणात वाढते, हे आधी शोधायचे होते.

चूक कशाच्या प्रमाणात आहे

तेथे गेल्यावर आम्ही कापणे बंद केले. हत्यार काढले, स्पिंडलच्या टोकाखाली ०.०१ मिमीचे डायल गेज उभे केले आणि झेडला केवळ खाली-वर करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रथम ८० वेळा, प्रत्येकी २ मिमी. गेज अर्धा मिलिमीटर खाली आले. मग तेवढ्याच ८० वेळा, पण प्रत्येकी ४ मिमी, म्हणजे प्रवास दुप्पट; तरीही गेजवर अर्धाच मिलिमीटर. मग १६० वेळा, प्रत्येकी २ मिमी; आता गेजवर पूर्ण एक मिलिमीटर. चूक अंतराच्या किंवा वेळेच्या प्रमाणात नव्हती, दिशा किती वेळा बदलली त्याच्या प्रमाणात होती.

एक मिलिमीटर भागिले १६० म्हणजे ०.००६२५ मिमी. या आकड्याची फोड केली की पुढचे दार उघडते. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात; ड्रायव्हर, म्हणजे नियंत्रकाचे संकेत घेऊन मोटरला वीज देणारा भाग, प्रत्येक पावलाचे आठ भाग करत होता, म्हणून एका फेऱ्याला १६०० स्पंदे; स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकतो; म्हणजे मिलिमीटरला ३२० स्पंदे, आणि $१०२ मध्ये हाच आकडा भरलेला होता. एका स्पंदाची हालचाल ०.००३१२५ मिमी होते. म्हणजे प्रत्येक खाली-वर जोडीमागे बरोबर दोन स्पंदांची चूक होत होती. मूळ कामातील शेवटच्या खळग्याआधी अशा २८७ जोड्या होऊन जातात. २८७ गुणिले ०.००६२५ म्हणजे १.७९ मिमी. व्हर्नियरने दाखवलेल्या ५.८० मिमी खोलीचा हिशेब येथे पूर्ण जुळला.

मोटर दमून पावले सोडत असती, तर आकडे असे गुळगुळीत आले नसते. स्टेपर मोटरचा ताळ सुटतो तेव्हा ती पुन्हा पकड घेते ती चार पूर्ण पावलांच्या पटीत, म्हणजे या यंत्रावर ३२ स्पंदांच्या, एक दशांश मिलिमीटरच्या उडीत. अशी उडी एखाद्या खळग्यात येते, एखाद्यात येत नाही, आणि भार वाढला की वाढते. येथे प्रत्येक खळग्यामागे ०.०१९ मिमीची सारखी पायरी होती. मोठी मोटर घेऊन पैसे खर्च झाले असते आणि चूक तशीच राहिली असती.

तरीही गुरुत्वाकर्षणाचा संशय मामांच्या मनातून जात नव्हता आणि चाळीस वर्षे लोखंड हाताळलेल्या माणसाच्या मनातील शंका केवळ गणिताने फेटाळणे मला योग्य वाटले नाही. म्हणून एक उलट प्रयोग केला. झेड मोटरच्या एका गुंडाळीच्या दोन तारांची अदलाबदल केली, त्यामुळे मोटर उलटी फिरू लागली. आणि $३ या दिशा उलटवणाऱ्या जुळणीत झेडचा आकडा ४ भरला, त्यामुळे हेड पुन्हा योग्य दिशेने चालू लागले. यांत्रिकदृष्ट्या काहीही बदलले नव्हते: तेच वजन, तोच स्क्रू, तोच वेग. बदलला होता तो दिशेच्या तारेवरील विजेचा अर्थ. पूर्वी तारेवर विजेचा दाब असणे म्हणजे खाली होते, आता दाब असणे म्हणजे वर. तीच १६० वेळांची चाचणी पुन्हा चालवली, तेव्हा हेड एक मिलिमीटर वर चढले. मामांनी गेज स्वतः दोनदा तपासले आणि त्या दिवशी प्रतिभाराची कप्पी काढून टाकली.

दोषाचे मूळ

आता दोष नियंत्रक आणि ड्रायव्हर यांच्यामधील तारांत आहे, हे नक्की झाले. प्रत्येक अक्षासाठी नियंत्रकाकडून दोन संकेत जातात. दिशेचा संकेत कोणत्या बाजूला फिरायचे ते सांगतो आणि स्पंदाचा संकेत एक पाऊल टाकायला सांगतो. ड्रायव्हर स्पंद मिळताच दिशेच्या तारेकडे पाहतो आणि त्या बाजूला सरकतो. म्हणून दिशा स्पंदाच्या आधी पोहोचलेली असली पाहिजे. बाजारातील अनेक ड्रायव्हरांच्या माहितीपत्रकात ही आघाडी किमान ५ मायक्रोसेकंद असावी, असे लिहिलेले असते.

जीआरबीएलचे मूळ लेखन उघडून पाहिले तर ती दिशेची तार बदलते आणि लगेच पुढच्याच क्षणी स्पंद पाठवते. दोहोंमध्ये मुद्दाम ठेवलेली विश्रांती नाही. वेगवान ड्रायव्हरला ते चालते. या यंत्रावरचा ड्रायव्हर साधा होता. त्याच्या प्रवेशावर संकेत अलग करणारे स्वस्त ऑप्टोकपलर होते. अशा ऑप्टोकपलरचा स्वभाव असा की त्यातील दिवा पेटला की पलीकडचा ट्रान्झिस्टर चटकन चालू होतो, पण दिवा विझला की तो बंद व्हायला कितीतरी अधिक वेळ घेतो. तंत्रनिकेतनातील ऑसिलोस्कोपवर भाच्याने हे पाहिले, तेव्हा विझण्याच्या बाजूला दिशा १० मायक्रोसेकंदांहून अधिक उशिरा पोहोचत होती.

चूक साठत का गेली, याचे उत्तर या असमान स्वभावात आहे. दोन्ही बाजूंना दिशा सारखीच उशिरा पोहोचली असती, तर खालून वर वळताना झालेली चूक वरून खाली वळताना फिटून गेली असती आणि कोणाला काही कळलेही नसते. येथे हेड वरून खाली वळताना दिवा पेटत होता, दिशा वेळेवर पोहोचत होती आणि सर्व ठीक होते. खालून वर वळताना दिवा विझत होता, दिशा उशिरा पोहोचत होती आणि वर जाण्याचे पहिले स्पंद जुन्याच दिशेने, म्हणजे खाली खर्च होत होते. एक पाऊल वर जाण्याऐवजी एक पाऊल खाली गेले, म्हणून फरक दोन पावलांचा.

याच यंत्रावर पूर्वी झालेली अक्षरे कोरण्याची आणि खोबण्या काढण्याची कामे अचूक का आली, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो विचारायलाच हवा होता, कारण एखादे निदान जुन्या यशाचाही खुलासा करत नसेल तर ते अपुरे असते. जीआरबीएलमध्ये जो अक्ष एखाद्या ओळीत हलत नाही, त्याची दिशा धन मानली जाते. खोबण काढताना हत्यार खाली जाते, मग आडवे फिरते आणि नंतर वर येते. आडवे फिरत असतानाच झेडची दिशेची तार "वर" या बाजूला वळलेली असते, तिला पोहोचायला भरपूर वेळ मिळतो आणि वर जाण्याचे पहिले स्पंद योग्य दिशेने पडते. चकत्यांच्या कामात खाली गेलेले हत्यार मध्ये काहीही न करता थेट वर येत होते. एक्स आणि वाय अक्षांची तर प्रत्येक हालचाल दोन उभ्या हालचालींच्या मध्ये होती, म्हणून त्यांची धन दिशा नेहमी वेळेआधी ठरलेली असे आणि ऋण दिशेला वळताना दिवा पेटत असल्याने तीही वेळेवर पोहोचे. चूक फक्त झेडमध्ये का, हे कोडेही याच नियमाने सुटले.

भाच्याने तळाशी पाव सेकंद थांबण्याची जी ४ ही आज्ञा आधी घालून पाहिली होती आणि तिचा उपयोग झाला नव्हता. तो का झाला नाही, हेही आता कळते: थांबण्याच्या आज्ञेत कोणताही अक्ष हलत नाही, त्यामुळे दिशेची तार जुन्याच स्थितीत राहते आणि बदलते ती पुढच्या हालचालीच्या पहिल्या स्पंदाबरोबरच.

दुरुस्तीचे दोन मार्ग

पहिला मार्ग प्रणाली न बदलता करता येण्यासारखा होता. $२ ही जुळणी स्पंदाचा संकेत उलटा करते. तसे केले की ड्रायव्हर स्पंदाच्या सुरुवातीऐवजी शेवटी पाऊल टाकतो आणि स्पंदाची रुंदी, म्हणजे $० मधील १० मायक्रोसेकंद, दिशेला आघाडी म्हणून मिळते. पुष्कळ यंत्रांवर एवढ्याने काम भागते. येथे मात्र तोच मंद ऑप्टोकपलर स्पंदाच्या वाटेवरही होता. उलट्या संकेतात दिवा सतत पेटलेला राहतो आणि स्पंदापुरता १० मायक्रोसेकंद विझतो. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टर पुरता बंदच होत नाही आणि स्पंद गिळले जाते. प्रयोग केला तेव्हा मोटर अडखळत, घरघरत चालली. रुंदी वाढवून पाहता आली असती, पण ज्या भागाच्या मंदपणामुळे दोष आला, त्याच भागावर दुप्पट भरवसा टाकणे आम्हा तिघांनाही पटले नाही.

दुसरा मार्ग मूळ लेखनातच ठेवलेला आहे. जुळणीच्या फाइलमध्ये "स्टेप पल्स डिले" नावाची एक ओळ आहे, जी सुरुवातीला बंद असते. ती उघडली की प्रणाली दिशा आधी बदलते, ठरवलेला वेळ थांबते आणि मग स्पंद पाठवते. त्या ओळीवरील टिपणीत हा विलंब ३ मायक्रोसेकंदांहून अधिक असावा, स्पंदाच्या रुंदीसह एकूण वेळ १२७ च्या पुढे जाऊ नये आणि ५ ते २० पर्यंतचे आकडे काही यंत्रांवर यशस्वी ठरले आहेत, असे स्पष्ट लिहिले आहे. भाच्याने २० हा आकडा घेऊन प्रणाली नव्याने संकलित केली आणि आर्डुइनोवर चढवली. विलंब आणि रुंदी मिळून ३० मायक्रोसेकंद झाले. झेड मिनिटाला १२०० मिमी वेगाने चालताना सेकंदाला ६४०० स्पंदे लागतात, म्हणजे दोन स्पंदांत सुमारे १५६ मायक्रोसेकंदांचे अंतर असते; त्यात ३० सहज मावतात. म्हणून वेग आणि प्रवेगाचे मूळ आकडे परत भरता आले आणि काम पूर्वीइतक्याच वेगाने होऊ लागले.

१६० वेळांची चाचणी पुन्हा घेतली. गेजचा काटा सुरुवातीच्या रेषेवर परतला. तारा आणि $३ पूर्ववत करूनही तेच आले. त्यानंतर चार चकत्यांचा पूर्ण प्रोग्रॅम चालवला. शहाण्णवाव्या खळग्याची खोली पहिल्याएवढीच, ४.०२ मिमी, भरली. शेतकऱ्याला नवा संच पेरणीच्या आधी मिळाला आणि ताडपत्रीवरील चाचणीत चारही पेट्यांतून एकेक दाणा पडला. जुन्या चकत्या वाचवता येतील का, असे मामांनी विचारले होते. तोंडावरून पातळ थर काढून खोली कमी करता आली असती, परंतु एकाच चकतीच्या पहिल्या आणि शेवटच्या खळग्यांत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक असल्याने त्या भंगारातच टाकाव्या लागल्या.

अन्य प्रणालींविषयी

ज्यांच्याकडे अशीच जुळवलेली यंत्रे आहेत, त्यांनी आपापल्या प्रणालीत ही आघाडी कोठे भरायची ते पाहून ठेवावे. मॅक ३ मध्ये मोटरच्या जुळणीच्या पानावर स्पंदाच्या रुंदीशेजारी दिशेसाठी वेगळी चौकट आहे. जीआरबीएलच्याच वळणाने पुढे गेलेल्या जीआरबीएल-हॅलमध्ये $२९ हा आकडा भरला की पुरते, नव्याने संकलन करावे लागत नाही. लिनक्स-सीएनसीमध्ये स्पंदाची लांबी, दोन स्पंदांतील अंतर, दिशेची आघाडी आणि दिशेचा टिकाव असे चार आकडे नॅनोसेकंदांत विचारले जातात आणि जुळणीचा सहायक ते सुरुवातीलाच मागतो. ड्रायव्हरचे माहितीपत्रक हाताशी नसेल तर हे आकडे सढळ भरावेत. घरगुती यंत्राच्या वेगाला त्याने बाधा येत नाही.

मामांना आता लेथवरही नियंत्रण बसवायचे आहे आणि तेथे आटे पाडायचे असल्याने स्पिंडलच्या फेऱ्याशी ताळमेळ ठेवणारी प्रणाली लागणार आहे. त्यासाठी घरातील एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स-सीएनसी चढवून विलंबाची चाचणी घेतली आहे. त्या प्रणालीच्या मार्गदर्शनानुसार १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आतील थरथर, म्हणजे संगणकाच्या प्रतिसादातील मागेपुढे होणे, उत्तम आणि १०० च्या पुढील संगणक या कामाला अयोग्य मानला जातो. हा संगणक पहिल्या गटात बसला. स्पिंडलला त्याचे फिरणे मोजणारा एन्कोडर बसवण्याचे काम चालू आहे. ड्रायव्हर तेच जुने वापरायचे ठरले आहे, म्हणून दिशेच्या आघाडीच्या चौकटीत भाच्याने २०,००० नॅनोसेकंद आधीच भरून ठेवले आहेत, आणि डायल गेजचा १६० वेळांचा प्रोग्रॅम लेथच्या दोन्ही अक्षांसाठी लिहून तयार आहे.